रुक्मधन्व्याची दीक्षा

पूर्वी, कृतयुग ओसरत आले होते आणि त्रेतायुग दाराशी येऊन ठेपले होते, त्या संधिकाळातली ही कथा. देव तेव्हा पृथ्वीवर येत-जात असत आणि माणसे त्यांच्याशी समोरासमोर बोलत असत. त्यामुळे देवालाही गुंडाळता येते असे मानणारी माणसे त्याच काळात प्रथम निपजली. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पयोवहा नावाची विशालजला, हंसकारंडवांनी गजबजलेली नदी वाहत असे. तिच्या काठी अर्जुनवृक्षांच्या दाट सावलीत अर्जुनवाट नावाचे नगर होते, आणि तेथे रुक्मधन्वा नावाचा राजा राज्य करीत होता. तो शूर होता, दानी होता, प्रजेचा लाडका होता. अरुणाश्व हा त्याचा एकुलता एक पुत्र, आणि त्या पुत्रावर त्याचा जीव इतका होता की तो दृष्टीआड झाला की राजाला घास गोड लागत नसे.

नदीपलीकडच्या पाषाणप्रदेशात शिलामुख नावाचा दानव राहत होता. कुरणांवरून दोघांचे वैर जुंपले, युद्ध पेटले, आणि पहिल्याच संग्रामात शिलामुखाच्या गदेने अरुणाश्व रथातून कोसळला तो पुन्हा उठला नाही. पुत्राला अग्नी देऊन राजा तडक नदीवर गेला आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याने जलाधिपती वरुणाला हाक मारली.

"हे पाशधरा, हे ऋताच्या रक्षका, माझ्या पुत्राचा घात करणारा जिवंत माझ्या हाती दे! त्याच्या बदल्यात तू जी आज्ञा करशील ती मी शिरसावंद्य मानीन."

मकरावर आरूढ झालेला, नीलवर्ण, हाती पाश घेतलेला वरुण पाण्यावर प्रकटला. "तथास्तु," तो म्हणाला. "पण राजन्, आज्ञा कोणती असेल, हे तू विचारले नाहीस."

"विचारण्याचे प्रयोजनच काय?" राजा म्हणाला. दुःखात माणूस असाच बोलतो. कोरा शब्द देऊन मोकळा होतो, आणि पुढे त्या शब्दावर देव काय लिहील याची त्याला त्या घटकेला पर्वा नसते.

दुसरा संग्राम पयोवहेच्या पात्रातच झाला. बाणांनी आकाश झाकोळले, हत्तींच्या चीत्कारांनी दऱ्या दुमदुमल्या, आणि ऐन रणधुमाळीत डोंगरातून असा पूर आला की दानवांचे रथ आसापर्यंत चिखलात रुतले. छातीइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या शिलामुखाने हातातली गदा दूर भिरकावली, दोन्ही हात जोडले आणि मोठ्याने म्हटले, "वरुणदेवा, मी तुला शरण आलो आहे!" राजाने ते शब्द ऐकले. स्पष्ट ऐकले. पण पुराच्या घोषात काही ऐकू आले नाही असे दाखवून त्याने दानवाच्या मुसक्या आवळल्या, टेकडीवरच्या गुहेत त्याला लोखंडी बेड्या घालून टाकले, आणि कुमाराच्या श्राद्धदिनी त्याचा शिरच्छेद करायचा असे ठरवले.

श्राद्धाच्या आधी एका संध्याकाळी राजा अर्घ्य देत असता वरुण पुन्हा समोर आला.

"राजन्, मी वर दिला, आता आज्ञा देतो. माझ्या जलात उभा राहून जो माझे नाव घेतो, तो माझा. शिलामुखाच्या बेड्या तू स्वहस्ते काढ आणि स्वतः त्याला पैलतीरी पोचव. अमावास्येच्या आत हे व्हावे."

राजाच्या ओंजळीतले पाणी सांडले. "देवा, त्याने माझ्या पुत्राला मारले!"

"मारले. रणात, समोरून मारले, ते मी पाहिले. आणि त्याने मला हाक मारली, तीही मी ऐकली." वरुणाने राजाच्या डोळ्यांत पाहिले. "तूही ऐकलीस."

एवढे बोलून देव जळात विरला. राजा घरी परतला तो पार खचून. नाही म्हणावे तर वरुणाचा पाश, आणि दिलेला शब्द मोडला हा कलंक. हो म्हणावे तर ज्या हातांनी मुलाला चितेवर ठेवले त्याच हातांनी त्याच्या मारेकऱ्याला सोडायचे. राजा रात्रंदिवस येरझाऱ्या घालू लागला, अन्नावरची वासना उडाली, आणि अखेर त्याने आपल्या पुरोहिताला, आचार्य दार्भायणांना बोलावून घेतले.

हे दार्भायण मोठे विद्वान. शास्त्र त्यांना मुखोद्गत होतेच, पण शास्त्रातल्या पळवाटा शोधण्यात त्यांचा विशेष हातखंडा होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले, डोळे मिटले, दाढी कुरवाळली आणि मंद हसले.

"महाराज, देवाला नाही म्हणावेच कशाला? आपण नुसते 'मागाहून' म्हणावे. दीर्घसत्राची दीक्षा घ्या. दीक्षिताने यज्ञभूमीबाहेर पाऊल टाकायचे नसते, बद्ध माणसाला स्पर्श करायचा नसतो. हा नियम देवांनीच घातलेला आहे. वरुण तो मोडायला सांगेल कसा? सत्र वर्षानुवर्षे चालेल. दानव काय अमर आहे? अंधारकोठडीत तो आपोआप संपेल, आणि आपण आज्ञा मोडली असे म्हणायला कोणाला तोंड उरणार नाही."

राजाचा जीव भांड्यात पडला. तरी त्याने विचारले, "आणि देव दाराशी येऊन उभाच राहिला तर?"

"तर त्यालाही संकोच वाटावा असा संकल्प करू. सत्राचे सारे पुण्य कुमार अरुणाश्वांच्या स्वर्गवासासाठी अर्पण करा, आणि दीक्षा भंगली तर ते स्वर्गातून ढळतील असे उच्चारा. मग आपल्याला आसनावरून उठवणे म्हणजे मृत कुमारांना खाली ओढणे होईल. इतका निष्ठुर कोणता देव असेल?"

राजाला ही युक्ती एकदम पटली. पुत्राच्या नावाने काही करतो आहोत या विचाराने त्याचे डोळेसुद्धा भरून आले. यजमानाबरोबर त्याच्या पत्नीलाही दीक्षा असते, तिलाही मंडपाच्या पत्नीशाळेत राहावे लागते, हे दार्भायणांनी जाता जाता सांगितले. राणी ऊर्जस्वतीला कोणी काही विचारले नाही. दासी तिला स्नानासाठी बोलावू लागल्या तेव्हा तिला ते कळले.

नदीकाठच्या माळावर दर्भ अंथरले गेले, उंबराचे खांब उभे राहिले, चटयांच्या भिंतींचा मंडप सजला. राजाने क्षौर करवले, कमरेला मुंज गवताची मेखला बांधली, कृष्णाजिनावर, म्हणजे काळविटाच्या कातड्यावर, बैठक मारली आणि दोन्ही मुठी मिटल्या. दीक्षित म्हणजे गर्भ, असे ऋषी सांगतात. गर्भ मुठी मिटून असतो, म्हणून दीक्षितानेही मुठी मिटून असायचे. अंग खाजवायचे ते हरणाच्या शिंगाने, प्यायचे ते दूध, आणि कोणासाठीही आसनावरून उठायचे नाही. सत्र संपले की यजमानाने पत्नीसह वाहत्या पाण्यात अवभृथस्नान करायचे. ते स्नान झाले की गर्भ जन्माला आला, मुठी उघडल्या, माणूस पुन्हा माणसांत आला.

अमावास्येला, आकाशात तारे दिसू लागताच वरुण मंडपाच्या दाराशी आला. यज्ञ चालवणारे सारे ऋत्विज उभे राहिले. राजा उठला नाही.

"राजन्, चल," वरुण म्हणाला.

"देवा, मी दीक्षित आहे," राजा म्हणाला. त्याचा स्वर नम्र होता आणि आत कोठे तरी तो हसत होता. "ही दीक्षा देवांनीच निर्माण केली. ती मी मोडली तर माझा पुत्र स्वर्गातून ढळेल. तुझी आज्ञा मला मान्य आहे. सत्र संपताच पाळीन."

वरुणाने मंडपाकडे पाहिले, राजाच्या मिटलेल्या मुठींकडे पाहिले. त्याच्या मुखावर क्रोध नव्हता, आणि तेच राजाला जरा खटकले.

"मी कोणाचे व्रत मोडवीत नाही," देव म्हणाला. "हे घर तू निवडलेस. यात सुखाने राहा."

देव गेल्यावर दार्भायणांनी विजयी मुद्रेने चहूकडे पाहिले. "देवालाही शास्त्र पाळावे लागते, महाराज!" राजा त्या रात्री बऱ्याच काळाने पोटभर दूध प्यायला.

वर्षांमागून वर्षे गेली. आहुतींचा धूर अर्जुनवृक्षांच्या शेंड्यांना रोज शिवत राहिला. पहिली काही वर्षे राजा आनंदात होता. मग मात्र तो दानव मेला का म्हणून अधूनमधून विचारू लागला, आणि दर वेळी रक्षक येऊन सांगत, "जिवंत आहे, महाराज. शांत आहे." अखेर सत्राची शेवटची आहुती पडली. वाद्ये वाजू लागली, नगरजन फुले घेऊन धावले, आणि राजा-राणी अवभृथासाठी पयोवहेच्या घाटावर आली.

राजाने पाण्यात पाऊल टाकले. पाणी मागे सरले.

त्याला वाटले, घाट उथळ असेल. तो पुढे गेला. पाणी आणखी मागे गेले. राणी दुसऱ्या बाजूने उतरली. तिच्या पायांखालीही कोरडी वाळू. राजा धावू लागला, तशी नदी त्याच्यापुढे दुभंगत गेली, आणि पात्राच्या मधोमध तो कोरडा ठणठणीत उभा राहिला. लोकांनी कलशांनी पाणी आणून ओतले, तर धार त्याच्या मस्तकावर पोचण्याआधीच हवेत विरून गेली. नगरजनांच्या हातातली फुले हातातच राहिली.

"अवभृथ हे वरुणाचेच स्नान," दार्भायण चाचरत म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "त्याने पाणी नाकारले, तर... दीक्षा सुटत नाही, महाराज. मंडपात परत चलावे."

राजा परत गेला. दुसरे करणार काय? नियम त्यानेच अंगावर घेतले होते. आता सत्र नव्हते, आहुती नव्हत्या, ऋत्विज आपापल्या आश्रमांत निघून गेले. उरला तो मंडप, कृष्णाजिन आणि दूध. चटयांच्या भिंतीत एक फट होती. तिच्यातून राजाला आपले राज्य दिसे: मंत्री न्याय देत होते, नांगर चालत होते, मुलींची लग्ने होऊन त्या सासरी जात होत्या. सारे त्याच्यावाचून चालले होते. ती भिंत लाथ मारली तरी पडली असती, एवढी कमकुवत होती. पण बाहेर पडावे तर अरुणाश्व स्वर्गातून ढळणार, आणि आत बसावे तर हा गर्भवास कधी संपायचा नाही. राजा त्या भिंतीकडे तासन्‌तास पाहत बसे. स्वतःच विणलेल्या जाळ्यात आपण अडकलो आहोत हे त्याला आता पुरते कळले होते.

दार्भायणांनी आणखी एक वाट शोधली. सेनापतीला राजाची मुद्रा देऊन त्यांनी गुहेत पाठवले: बेड्या काढाव्या आणि दानवाला पैलतीरी सोडावे, म्हणजे आज्ञाही पाळली जाईल आणि दीक्षाही राहील. सेनापती संध्याकाळी खाली मान घालून परत आला.

"महाराज, मी बेड्या काढल्या. तो उठला नाही. म्हणाला, 'तुझ्या राजाच्या हाताने मी सुटेन, असे मला वरुणाने सांगितले आहे. तुझ्या हाताने सुटून गेलो तर मी पळालेला बंदी ठरेन, आणि देवाचे म्हणणे माझ्यापुरते खोटे पडेल. मी थांबतो.' आणि महाराज, त्याने बेड्या स्वतःच पुन्हा पायांत अडकवल्या."

बंदिवान दानव देवाची आज्ञा मानून बसला होता, आणि ज्याने आज्ञा मानण्याचा शब्द दिला तो राजा चटयांआड लपला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही त्या दानवाचा हेवा वाटला.

काही काळाने एके दिवशी पत्नीशाळेतून रडण्याचा आवाज आला. ऊर्जस्वती पडदा सारून समोर आली. इतक्या वर्षांत ती एकदाही तक्रारीचे बोलली नव्हती.

"आर्य, माझी आई गेली. नदीपलीकडे, माझ्या माहेरी. दासीने निरोप आणला, आणि मी चटईच्या फटीतून तिच्या चितेचा धूर पाहिला."

"देवी, मी काय करू? बाहेर पडलो तर आपला अरुणाश्व..."

"अरुणाश्वाचे नाव घेऊ नका!" ऊर्जस्वतीचा आवाज मंडपभर घुमला. "आपण त्याला ओलीस ठेवलेत. देवापुढे, स्वतःच्या पुत्राला! शिलामुखाने त्याला एकदा मारले, आणि आपण त्याच्या आडून रोज जगता आहात. मीही त्या दानवाचा द्वेष करते. नऊ महिने ज्याला पोटात वाढवले त्याला त्याने मारले. मी त्याला कधीच क्षमा करणार नाही. पण देवाने क्षमा करायला सांगितले नव्हते, आर्य. बेड्या काढायला सांगितले होते. एवढेच."

"आणि तो स्वर्गातून ढळला तर?"

"तर तो कोसळण्यापूर्वी कळेल त्याला, की बापाने दिलेला शब्द अखेर पाळला. आपण येथे बसून त्याचा स्वर्ग राखता आहात की आपला राग? आपले आपण ठरवा. मी मात्र निघाले."

राजाने मुठी उघडायला सुरुवात केली. बोटे आखडली होती, नखे वाढून तळव्यांत रुतली होती. एकेक बोट सोडवताना रक्त आले. "बाळा, मला क्षमा कर," तो ओठांत म्हणाला. सूर्य अस्ताला टेकला होता. दार्भायण आडवे आले, "महाराज, अनर्थ होईल!" म्हणून ओरडले. राजाने त्यांना हलकेच बाजूला केले, मंडपाबाहेर पाऊल टाकले आणि कमरेची मेखला तोडून फेकून दिली. आकाश कोसळले नाही. पण आता कोणते पाप आपल्या मागे चालत येत आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तरी तो टेकडी चढू लागला. बाहेर पडलेली ऊर्जस्वती वळून त्याच्या मागोमाग आली.

गुहेत शिलामुख भिंतीला टेकून बसला होता. केस पांढरे झाले होते. वर्षानुवर्षांच्या अंधाराने त्याचे डोळे गेले होते. बेडीला हात लागताच त्याने तो हात चाचपला.

"रक्ताळलेला हात. हा सेनापतीचा नव्हे."

"रुक्मधन्व्याचा आहे," राजा म्हणाला. "तुझा शिरच्छेद करायचा होता मला. अजूनही करावासा वाटतो."

"मी तुझ्या पुत्राला मारले, राजा. युद्धात मारले. खोटा पश्चात्ताप मी दाखवणार नाही."

"मागतो कोण?" राजाने बेडी काढली. ती दूर फेकली. "ऊठ. तुला पलीकडे पोचवायचे आहे."

त्याने दानवाचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने राणीचा हात धरला, आणि तिघे पात्रात उतरली. पाणी पूर्वीसारखेच मागे सरले. दोन्ही बाजूंना पयोवहा भिंतीसारखी उभी राहिली आणि मधल्या कोरड्या वाळूतून राजा आपल्या पुत्राच्या मारेकऱ्याला आधार देत, त्याचे पाय खड्ड्यात पडू नयेत म्हणून सांभाळत चालला. पैलतीरी पोचताच शिलामुख त्याच्यापासून दूर झाला, गुडघ्यांवर बसून नदीचे पाणी प्यायला, आणि राजाला एक शब्दही न बोलता आपल्या पाषाणप्रदेशाकडे चाचपडत निघून गेला.

तीरावर वरुण उभा होता. राणीचा हात न सोडताच राजाने वाळूवर मस्तक टेकवले.

"देवा, आज्ञा पाळली. आता माझ्या पुत्राचे काय ते सांग."

"अरुणाश्व स्वर्गात आहे," वरुण म्हणाला. "तो रणात समोरून पडला, तो स्वर्ग त्याचा स्वतःचा आहे. तुझ्या संकल्पाने तो चढला नाही, तुझ्या व्रतभंगाने ढळणारही नाही. जे तुझे नव्हतेच, ते तू गहाण टाकलेस, आणि त्याच्या भयाने इतकी वर्षे स्वतःला कोंडून घेतलेस."

राजा वाळूत तोंड खुपसून रडला. सुटकेने रडला, आणि वाया गेलेल्या वर्षांसाठीही रडला.

"मग मला आता स्नान घडू दे, देवा. मला मोकळे कर."

"राजन्, तू आज्ञा पाळलीस, म्हणून माझा पाश तुझ्यावर पडणार नाही. पण त्या दानवाचे डोळे परत येणार नाहीत. राणीची आईही परत येणार नाही. आणि दीक्षा तू घेतलीस, तूच मोडलीस; मोडलेल्या दीक्षेला अवभृथ नाही. पाणी तुझ्यापासून असेच दूर राहील. तहान दुधावर भागेल. मात्र तू पाय ठेवशील तेथे नदी वाट देईल. ज्यांना पलीकडे जायचे आहे, त्यांना नेत जा." मग देव राणीकडे वळला. "कन्ये, तू आपल्या निवडीने बांधली गेली नव्हतीस. तुला स्नान आहे."

ऊर्जस्वती नदीकडे वळली, तिच्याबरोबर राजाही उठला. पण ती जिकडे पाऊल टाकी तिकडून पाणी मागे सरे. पुन्हा पुढे जावे, पुन्हा कोरडी वाळू. ती गोंधळून थांबली. राजाच्या ते आधी लक्षात आले. त्याने तिचा हात अजून धरलेला होता.

"देवी," तो म्हणाला, "सोडा."

तिने त्याच्याकडे पाहिले. सारे आयुष्य त्याच्याबरोबर काढलेले, एकही निर्णय तिला न विचारता झालेला, आणि तरीही तो हात सुटता सुटेना. मग तिने बोटे सोडली आणि चार पावले दूर गेली. पयोवहा खळाळत तिच्याकडे आली. गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यांपर्यंत. ती बुडून वर आली तेव्हा ओल्या केसांनी, उघड्या तळव्यांनी हसत होती आणि रडत होती. राजा कोरड्या वाळूवर उभा राहून ते पाहत होता. दोघांच्या मध्ये आता नदी वाहत होती.

ती माहेरी गेली. राजा तेथेच राहिला, आणि न सुटलेल्या गर्भाला मरणही नसल्याने पुढे युगानुयुगे वाटसरूंना, गुराख्यांना, वरातींना आणि प्रेतयात्रांना हाताला धरून पैलतीरी नेत राहिला. त्या ठिकाणाला दीक्षितउतार म्हणतात. अजूनही तेथून जाणारी जोडपी पलीकडे पोचली की एकमेकांचा हात सोडतात आणि मगच ओंजळ भरून पाणी पितात. वरुण तो उतार कधी कोरडा पडू देत नाही, आणि त्या म्हाताऱ्याला कधी भिजू देत नाही.